त्या पोरीचं काय झालं?

अंजनामावशी कुणाच्याही घरात पुढच्या दाराने शिरत नसे. घरची मंडळी पलंगावरची चादर बदलून, फुलदाणीतली प्लास्टिकची फुलं धुऊन, तिची वाट बघत पुढच्या खोलीत बसलेली असायची आणि ती घराला वळसा घालून परसदारी पोचलेली असायची. मग तिकडून आवाज यायचा, "कोनी हाय का वो घरात?" तोवर तिने न्हाणीचा दगड, दोरीवरची धुणी, खरकट्या भांड्यांचा ढीग आणि तो घासणाऱ्या बाईचा चेहरा हे सगळं डोळ्यांखालून घातलेलं असे.

"समोरचं दार सारेच पुसतात बाप्पा," ती म्हणायची. "मांगचं पाह्यलं का घर समजते."

बाबांनी पिपरी मेघ्याला ले-आउटमध्ये घर बांधलं तेव्हा या सवयीची मोठीच पंचाईत झाली. आमच्या मागच्या भिंतीत आणि कंपाउंडच्या भिंतीत जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट होती, आणि मावशी काही जेमतेम नव्हती. तरी ती त्या फटीतून येई. लुगड्याला चुना लागे, पिशवी नळाच्या तोटीत अडके आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी तिचं धापा टाकणं आणि मग तिची टीका ऐकू येई, "काऊन वं, इतका खर्च केला अन मांगे माणसाले जागाच ठेवली नाई?" बाबा पुढच्या खोलीत पेपरात डोकं खुपसून हसू दाबत.

ती माझ्या आईची चुलत बहीण. राहायला आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला. तिच्या नवऱ्याचं किराण्याचं दुकान होतं आणि दुपारी काका आडवे झाले की गल्ल्यावर मावशी बसायची. डाळ-तेल बांधून देता देता कुणाचा पोरगा नोकरीला लागला, कुणाची पोर बारावी झाली, कुणाकडे सून टिकत नाही, याची सगळी खबर तिच्याकडे आपोआप जमा व्हायची. त्यातून ती सोयरिकी जुळवायला कधी लागली ते तिलाही सांगता आलं नसतं. नव्वदच्या दशकात आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत तिने जुळवलेली जोडपी एसटीत भेटायची आणि तिला खिडकीची जागा द्यायची. मोबदला म्हणून ती लग्नाचं जेवण आणि एक लुगडं घ्यायची. लुगड्याच्या रंगावरून मात्र मनसोक्त भांडायची.

तिची एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. आर्वीला एका मोठ्या घरी आमच्या नात्यातल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. गुळगुळीत फरशी, काचेचं कपाट, सोफ्यावर बसलं की माणूस आत जायचं. मुलगा देखणा होता. सगळ्यांच्या माना डोलायला लागल्या होत्या, तेवढ्यात मावशी मागून आली आणि बसलीसुद्धा नाही. "चाला," म्हणाली. बाहेर आल्यावर सगळे तिच्यावर तुटून पडले. ती शांतपणे म्हणाली, "मोठी सून मांगे उभ्यानं जेवून राह्यली. पातेल्यातूनच. बसाले टाइम नाई तिले. आपल्या पोरीले बी उभंच ठेवायचं असन तं सांगा, आत्ता होकार देतो." एसटी स्टँडवर सगळ्यांनी मुकाट्याने भजी खाल्ली आणि परत आलो.

तिचा दुसरा नियम चौकशीचा. मुलगा आज जिथे आहे तिथे ती कधीच विचारायची नाही. "आज सारेच चांगले असतात," ती म्हणे. "ज्या गावातून निघाला, ज्या शाळेतून निघाला, जिथं आधी गोष्ट चालली होती, तिथं इचारा." त्यामुळे ती जिथे जाई तिथल्या पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर बसून माणसाचं मागचं सगळं उकरून काढी. आणि एकदा तिने नाही म्हटलं की ते नाहीच. तिने जुळवलेली एकही सोयरीक मोडलेली नव्हती. याचा तिला इतका अभिमान होता की कुणी नुसतं "मोडलं" म्हटलं तरी ती तोंडातली सुपारी थुंकून यायची.

आता माझं सांगते, कारण ही बाई मला खरी कळली ती माझ्याच भानगडीत. मी तेव्हा सावंगीच्या दवाखान्यात लॅबमध्ये काम करत होते. अविनाश तिथेच एक्स-रे विभागात होता. अतिशय कमी बोलणारा माणूस. "श्वास घ्या, धरा, सोडा" एवढंच त्याचं दिवसभराचं बोलणं, असं आम्ही त्याला चिडवायचो. पण पेशंट म्हातारा असला तर त्याला टेबलावरून उतरवून, चपला पायात घालून देईपर्यंत तो तिथून हलत नसे. मला तो आवडला. मी आईला सांगितलं, आईने धीर करून बाबांना सांगितलं. जात-कूळ जुळत होतं, नोकरी होती. बाबा म्हणाले, "अंजनाबाईले चौकशी करू द्या. त्या हो म्हनतील तं माही ना नाई."

मला वाटलं, झालंच माझं लग्न. मावशीचा माझ्यावर जीव होता.

ती देवळीकडे त्याच्या गावाला गेली आणि दोन दिवसांनी आली ती तोंड पाडून. अविनाशचं आधी एकदा साक्षगंध झालं होतं, म्हणजे साखरपुडाच. शेजारच्याच गावची वंदना नावाची मुलगी. मांडवाचा दिवस ठरला, पत्रिका छापल्या आणि या पठ्ठ्याने आयत्या वेळी नाही म्हटलं. कारण दिलं नाही. मुलीच्या बापाने याच्या बापाला भर चौकात नको नको ते बोलून घेतलं, तरी हा गप्प. "मी तिच्या बापाले भेटली, काकाले भेटली, पानठेल्यावर बसली," मावशी म्हणाली. "सारे एकच सांगतात. साक्षगंध झाल्यावर पोरीले सोडणारा पोरगा मी माह्या रेखीले देत नाई."

दुसऱ्या दिवशी मी अविनाशला गाठलं. एक्स-रेच्या काळ्या खोलीबाहेर उभं राहून त्याला विचारलं, खरं आहे का? तो म्हणाला, "हो. नाही मीच म्हटलं." का, असं विचारलं तर म्हणाला, "ते माझं एकट्याचं नाही. सांगता येणार नाही." मला इतका राग आला की त्याला तिथेच दोन थपडा द्याव्यात असं वाटलं. रडूही आलं. लपवण्यासारखं काहीतरी आहे म्हणूनच लपवतोय, असं मन म्हणे. आणि म्हाताऱ्यांच्या पायात चपला घालणारा माणूस असं वागेल का, असंही तेच मन म्हणे. घरात बाबांनी विषय संपवला. त्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने यवतमाळकडचं एक स्थळ आलं होतं, ते लोक रविवारी येणार असं ठरलं. पसंत पडलं तर तिथल्या तिथे कुंकू लावून जाणार. मला कुणी काही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.

त्या रविवारसाठी मावशी शुक्रवारीच आमच्याकडे आली. आणि तिथे या सगळ्यात माझी धाकटी बहीण छाया आणि तिचा सिनेमा शिरला.

छाया कॉलेजला होती आणि तिला हातातून वीज सोडणाऱ्या एका विलायती वीराचं वेड लागलं होतं. त्याचे पहिले दोन सिनेमे हिंदीतून केबलवर लागले तेव्हा मावशीनेही आमच्याकडे लसूण सोलत सोलत पाहिले होते. तिला ते मुळीच पटले नव्हते. "हा उडते, लोकायले मारते अन निघून जाते," ती म्हणायची. "राह्यते कुठं? याची माय कोन? एवढ्या मोठ्या गावाले वाचवून राह्यला, पन घर कोनतं हाय याचं, कोनालेच मालूम नाई. अशा पोराले पोरगी कोन देईन?" त्या सिनेमांत त्याची चष्मा लावणारी बायको होती. तिच्याकडे बोट करून मावशी म्हणे, "इच्या बापानं चौकशी केलीच नसन."

आता तिसरा भाग वर्ध्याच्या टॉकीजला लागला होता. छायाला सोबत हवी होती. मी घरात तोंड लपवून बसले होते, म्हणून आईने मलाही ढकललं. छाया सहज म्हणाली, "मावशी, हा तिसरा हाय, पन गोष्ट पहिल्याच्याबी आधीची हाय. तो कोन होता, कुठून आला, ते दाखवते."

मावशीने हातातला चहा खाली ठेवला. "म्हंजे मांगचं?"

"हो, सारं मांगचं."

"मंग चाल," मावशी म्हणाली. "इतक्या दिवसानं कोनाले तरी अक्कल आली."

तीनच्या खेळाला टॉकीज अर्धीअधिक भरली होती, बहुतेक कॉलेजची पोरं. मावशी मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. सिनेमा सुरू झाला आणि पोरांचा विरस व्हायला लागला. वीज नाही, उडणं नाही. एक डोंगराळ गाव, तिथे तारा दुरुस्त करणारा एक लाजरा मुलगा, त्याची आजारी आई, त्याचं पडकं घर. मध्यंतर जवळ आलं तरी त्याने एक माशी मारली नव्हती. मागून ओरडा सुरू झाला, "अबे, फाइट लाव ना बे!" छाया खुर्चीत खचत चालली होती. मावशी मात्र पुढे वाकून, हनुवटीखाली मूठ धरून बघत होती. गावातल्या बेकरीवाल्याच्या मुलीच्या बोटात त्याने अंगठी घातली, तेव्हा तिने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "झालं साक्षगंध."

मध्यंतरानंतर वादळ झालं, त्याच्यावर वीज कोसळली, तो मेला नाही, उलट त्याच्या हातांतून वीज निघायला लागली. आता पोरं शिट्ट्या मारायला लागली. पण तो घाबरला आणि एका पहाटे कुणाला न सांगता गाव सोडून निघाला. बेकरीच्या खिडकीत ती मुलगी उभी. मावशी पडद्यावरच्या माणसाला म्हणाली, "अरे बाप्पा, तिले सांगून तं जाय!" तो गेला. मग शहर, एकच मारामारी आणि तो उंच इमारतीवरून उडाला की पहिल्या भागातलं ते ओळखीचं संगीत. संपलं. दिवे लागले. पोरं शिव्या देत उठली. मावशी बसूनच होती, पडद्याकडे बघत, अजून काही दाखवतील अशा आशेने.

बाहेर आल्यावर छायाची बडबड सुरू झाली. "सारा पिक्चर मांगचाच! आम्हाले तो कसा लढते ते पाह्यचं होतं, तो तारा कशा जोडते ते नाई."

"तुले काई समजत नाई," मावशी म्हणाली. "ते पहिले दोन पिक्चर म्हंजे वरात. वरातीत सारेच नाचतात. हा पिक्चर म्हंजे चौकशी हाय. चौकशीत कोनी नाचते काय? चांगला हाय पिक्चर. मले पटला. तो लोकायपासून दूर काऊन राह्यते, माणसाले हात लावाले काऊन भेते, सारं आज समजलं. पन..." ती थांबली आणि सरळ दारावरच्या माणसाकडे वळली. तिकिटं फाडणारा तो गृहस्थ पुढच्या खेळाच्या तयारीत होता.

"काहो भाऊ, त्या पोरीचं काय झालं?"

"कोनत्या पोरीचं?"

"बेकरीवाल्याच्या. साक्षगंध झालतं ना तिचं? मांगच्या दोन पिक्चरमधी याची बायको चष्म्यावाली हाय. मंग हे पोरगी कुठं गेली?"

"मावशी, मी पिक्चर नाई पाह्यत," तो म्हणाला. "मी दार पाह्यतो."

सायकल काढणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी म्हणालं, "मेली असन, आजी." मावशी त्याच्यावर उखडली. "मेली असती तं दाखवलं असतं! मेलेलं माणूस दाखवाले या लोकायले लय आवडते. जिती हाय म्हूनच दाखवलं नाई. त्यानं तिले सोडलं का तिनं त्याले, का दोघायनं मिळून काई ठरवलं, ते तिलेच मालूम. अन सारं मांगचं दाखवलं, पन तिले कोनी इचारलंच नाई." पोरं हसली. मीही त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले.

ऑटोत मात्र ती एकदम गप्प झाली. ही बाई गप्प म्हणजे तब्येत बिघडली असेल असं वाटून छायाने तिचा हात हातात घेतला. पिपरीच्या वळणावर ती मला म्हणाली, "रेखे, मी त्या वंदनेच्या बापाले इचारलं. काकाले इचारलं. पानठेल्यावाल्यालेबी इचारलं." मग पिशवी मांडीवर ओढून घेतली. "तिले नाई इचारलं वं."

घर आलं तेव्हा ऑटोचे पैसे द्यायचेही मी विसरले, ते छायाने दिले.

शनिवारी सकाळी आम्ही उठायच्या आत मावशी घरातून गेलेली होती. आईला तिने सांगितलं होतं की हिंगणघाटला एक ओळखीची बाई आहे, भेटून येते. बाबांना वाटलं, रविवारच्या पाहुण्यांसाठी काही आणायला गेली असेल. मला मात्र मावशीच्याच चौकशीतून माहीत होतं की वंदनाला हिंगणघाटला दिलेली आहे. दिवसभर मी कामात मन घालायचा प्रयत्न केला. दोन नळ्या फोडल्या.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्या फटीतून धापा टाकण्याचा आवाज आला. मावशी स्वयंपाकघरात पाटावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "भाऊजींले बोलवा." बाबा आले. आई, छाया, मी, सगळी तिथेच उभी. मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगते. दुसऱ्या कुणाच्या शब्दांत ते बसत नाही.

"वंदना मांगे मिरच्या वाळू घालत होती. मले पाहून भेली बिचारी. म्हटलं, भेऊ नको, मी पोरीवाल्याकडून आली हाय, मले फकत एकच सांग, अविनाशनं तुले काऊन सोडलं? तं ते हसाले लागली. म्हने, मावशी, इतक्या वर्षांत हे इचारनारं तुमी पह्यलंच माणूस. त्यानं नाई सोडलं. मले तो पसंत नोता."

"पसंत नव्हता?" आई म्हणाली.

"नोता! मी म्हटलं, काऊन वं, पेते काय, मारकुटा हाय काय? तं म्हने, नाई हो, मानूस चांगला हाय. पन बोलेचना. मी दहा गोष्टी सांगू, तं हा एक हूं म्हने. मले वाटलं, याच्यासंगं जनम काढायचा म्हंजे भिंतीसंगं बोलनं हाय. मायले सांगतलं, तं मायनं तोंड दाबलं. बापाले सांगायची सोय नाई. मंग देवळीच्या स्टँडवर त्यालेच गाठलं अन सांगून टाकलं, का तू मले पसंत नाई. तो उभा राह्यला. मंग म्हने, 'मंग मी नाई म्हनू काय? तुयं नाव कुठंच येनार नाई.' वंदना म्हने, मावशी, तेवढंच काय ते तो लंबं बोलला. अन म्हने, आता माह्यं लगन झालं हाय, सांगा कोनालेबी."

छाया खुदकन हसली. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी होते. माझे डोळे वाहत होते आणि ते मी पुसलेही नाहीत. काळ्या खोलीबाहेर उभा राहून "ते माझं एकट्याचं नाही" म्हणणारा तो माणूस मला दिसत होता. एका मुलीला शब्द दिला म्हणून त्याने बापाचा अपमान पचवला, मी हातची जाणंही पचवलं, पण तिचं नाव ओठावर आणलं नाही. असा अभिमान मला आयुष्यात पुन्हा कुणाचा वाटलेला नाही.

बाबा मात्र हेडक्लार्क माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नवाच मुद्दा काढला. "म्हंजे अंजनाबाई, एका पोरीनं नापसंत केलेलं पोट्टं मी जावई करू काय? लोक काय म्हनतील?"

"भाऊजी, तिले पसंत नोता. तिचं मन हाय. आपल्या पोरीले काय वाटते, ते इचारलं काय तुमी?"

"तिले काय इचारायचं? उद्याचे पाहुणे ठरले हायेत."

"तेच म्हनून राह्यली मी," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "कधीपासून सोयरिकी जुळवून राह्यली हाव. पोराचं घर पाह्यलं, परसदार पाह्यलं, आजाचा आजा पाह्यला. पोरीले कधी इचारलंच नाई. एकीलेबी नाई. हे एवढं मोठं आंधळेपन मी घेऊन फिरली भाऊजी, अन लोक मले एसटीत खिडकी देतात." मग ती पाटावरून उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "रेखे, साऱ्यायसमोर इचारतो. उद्या येनारा पोरगा तुले पाह्यचा हाय काय?"

बाबांसमोर मान वर करून बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. मी मान वर केली.

"नाई," मी म्हटलं.

"अन हा एक्स-रेवाला?"

"पसंत हाय."

"पाह्य हं. बोलत नाई म्हने तो. वंदनेले भिंत वाटला."

"मावशी," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारचा टीव्ही बारीक झाला, "बोलाचं काम मी करीन ना. दोघायचंबी."

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. छायाने टाळी वाजवली. बाबा काही क्षण माझ्याकडे बघत राहिले, जणू ही कोण पोरगी आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे असं. मग ते आईला म्हणाले, "यवतमाळवाल्यायचा नंबर काढ. फोन लावतो." आणि जाता जाता मावशीला म्हणाले, "अंजनाबाई, चहा घ्या. फिक्का करू नका म्हना."

त्यानंतर मावशीने आपली सगळी पद्धतच बदलली. स्थळ सांगायला आली की ती आधी मुलीला परसदारी घेऊन जायची आणि तिला विचारायची. काही घरांना ते मुळीच रुचलं नाही. अंजनाबाई पोरी बिघडवते, असं रोहण्यात बोललं जाऊ लागलं, दोन-चार घरांनी तिला बोलावणंच बंद केलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. "इचारल्यानं जे बिघडते, ते पह्यलेच कच्चं होतं," ती म्हणे आणि दुसऱ्या घराची वाट धरी. छायाच्या लग्नात तर तिने मुलालाही विचारलं, आणि तो बिचारा घाबरून तीनदा हो म्हणाला. पुढे काही वर्षांनी ती गेली, दुपारी, दुकानातच, गल्ल्यावर बसल्या बसल्या. पोचवायला माणसं पार हिंगणघाटहून आली होती.

पण मला ती आठवते ती माझ्या लग्नातली. पिपरीलाच मांडव होता. अविनाश मुंडावळ्या बांधून नेहमीसारखाच गप्प, आणि अक्षता पडल्यावर मी त्याला म्हटलं, "आता तरी काही बोल," तर तो म्हणाला, "हूं." पंगती बसल्या. तेवढ्यात दाराशी एक बाई आपल्या नवऱ्यासोबत आली, कडेवर लहान पोर, हातात आहेराची पिशवी. देवळीकडच्या पाहुण्यांमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. ही तीच ना? साक्षगंध मोडलेली? हिला कुणी बोलावलं? वंदना उंबऱ्यातच थबकली. साक्षगंध मोडलं तेव्हा अविनाशला आणि त्याच्या वडिलांना नावं ठेवणारी सगळी तोंडं तिथे जेवायला बसली होती.

मावशी वाढपात होती. तिने हातातलं बुंदीचं पातेलं तसंच छायाकडे दिलं, नव्या लुगड्याला हात पुसत पुढे गेली आणि वंदनाचा हात धरून तिला दोन पंगतींच्या मधून, अगदी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आत घेऊन आली.

"पाहा, हेच ते!" ती मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हिनंच नाई म्हटलं होतं. म्हून आज आपन सारे इथं जेवून राह्यलो. सरका थोडं, हिले बसू द्या."